क्लेममधली श्रीमंती

भोकरात अपघात झाला की आधी गर्दी जमते, मग सोयरपण निघतं आणि पोलीस सगळ्यांत शेवटी येतात. हा क्रम बदललेला मी तरी पाहिलेला नाही. नांदेड रोडवर दोन मोटारसायकली भिडतात. एकाचं ढोपर सोललेलं, दुसऱ्याचा हात नको तिकडं वळलेला, आणि गर्दीतला पहिला सवाल असतो, "कोन गावचा रे तू?" गाव कळलं की दुसरा, "कोनाचा?" तिसऱ्या सवालाला धडक देणारा हा पडणाऱ्याच्या आत्याच्या दिराचा जावई निघतो. आता जावयावर केस कशी करायची? लगेच दोन जाणते मधे पडतात. "मिटवा आपसात. कोर्टाच्या नादाला लागून चपला झिजतेत निस्त्या."

मग जावई ते ऐतिहासिक वाक्य बोलतो, "दवाखान्याचं सगळं मी बघतो." मराठवाड्यात या वाक्याची मुदत साधारण तिसऱ्या ड्रेसिंगपर्यंत असते. पहिल्या दिवशी तो स्वतः एक्स-रे काढून आणतो, वर डझनभर केळी. दुसऱ्या खेपेला पैसे फोनवर येतात. तिसऱ्या वेळी फोन लागत नाही, कारण ऐन तेव्हाच त्याच्या गावातली रेंज जाते. तोवर हाताला प्लेट बसलेली असते, कापूस वेचायला माणूस लावावा लागलेला असतो, आणि मग घरातल्या कुणाला तरी कायदा आठवतो. पोलीस ठाण्यात फिर्याद होते वीस दिवसांनी. पुढं विमा कंपनीचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, "वीस दिवस काय करत होता?" याचं खरं उत्तर "सोयरपण जपत होतो" हे आहे. पण जबाबात असं कुणी लिहून घेत नाही.

पोलिसांच्या कागदाचीही एक गंमत आहे. त्या कागदात हळू चालणारं वाहन नसतंच. सगळी वाहनं 'भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे' येतात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सीताखांडीच्या चढावर असा रांगतो की शेजारून चालणारा माणूस पुढं जाऊन तंबाखू मळून वाट बघेल. तोही फिर्यादीत भरधावच असतो. यात आपलेच पोलीस तेवढे दोषी आहेत असं नाही. १८९६ साली लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली सापडून मेलेली ती पहिली पादचारी. चालकाचं म्हणणं होतं, गाडी ताशी ४ मैलांनी चालली होती. साक्षीदार म्हणाला, गाडी आगीच्या बंबासारखी धावत आली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने अशी गोष्ट पुन्हा कधी घडू नये अशी आशा बोलून दाखवली. आजवर ती आशा कशी पार पडली हे भोकरच्या बसस्टँडसमोर पाच मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पण मला बोलायचंय ते यापुढच्या टप्प्याबद्दल. त्याला आमच्याकडे सरळ 'क्लेम' म्हणतात. कागदावर तो १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज असतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. एवढं लांब नाव कुणी घेत नाही. "क्लेम टाकलाय" म्हटलं की चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळतं. या क्लेममध्ये मुख्य प्रश्न अपघाताचा नसतोच. गाडी कुणाची, चूक कुणाची, हे दोन-तीन तारखांत उरकतं. खरी लढाई असते ती माणूस कमवत किती होता यावर. आणि इथंच आमच्या तालुक्याची अडचण होते, कारण आमच्याकडे एका माणसाची तीन उत्पन्नं असतात.

पहिलं उत्पन्न तहसीलमधलं. ते शिष्यवृत्तीसाठी, फी माफीसाठी, घरकुलासाठी लागतं आणि ते जितकं कमी तितकी माणसाची हुशारी जास्त. श्रावणबाळ योजनेला तर वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे दिवसाला ५८ रुपये सुद्धा नाहीत. त्यात दोन वेळचा चहा आणि तंबाखूची पुडी भागवून माणूस दाखल्यावर जिवंत असतो. दुसरं उत्पन्न सोयरिकीतलं. तिथं पाच एकर कोरडवाहूचं बारा एकर बागायत होतं, चुलत्याचा ट्रॅक्टर आपला होतो आणि पोरगा 'प्लॉटिंगचं बघतो'. तिसरं उत्पन्न क्लेममधलं. आयुष्यभर गरिबीचे दाखले गोळा केलेला माणूस गाडीखाली सापडला की पहिल्यांदा त्याच्या श्रीमंतीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो घरात कुठंच सापडत नाही.

उलटतपासणीला नांदेडला एकदा बसून पाहावं. अर्जदार शेतकरी, पायात रॉड, हातात काठी. मागच्या बाकावर त्याची मंडळी डबा घेऊन. कंपनीचे वकील एक कागद पुढं करतात.

"हा उत्पन्नाचा दाखला तुमचाच का?"

"व्हय साहेब."

"यात वर्षाचं उत्पन्न ४० हजार लिहिलंय."

"व्हय."

"आणि क्लेमच्या अर्जात महिन्याचं ३० हजार लिहिलंय."

"व्हय."

"मग यातलं खरं कोणतं?"

"दोनी खरेच हायेत साहेब. ते शाळंसाठी हाय, हे कोर्टासाठी हाय."

न्यायाधीश साहेब फाईलमध्ये तोंड घालतात. टंकलेखकाची बोटं मिनिटभर थांबतात, कारण हे वाक्य नोंदीत कसं बसवायचं याचा नमुना कुठंच नसतो. मग कंपनीचे वकील आपला हुकमी पत्ता टाकतात, "जमीन किती?" पाच एकर. "अपघातानंतर जमीन कुठं गेली?" कुठं जाणार, तिथंच आहे. "म्हणजे उत्पन्न चालूच आहे." यावर अर्जदार जे बघतो ते बघणं मला शब्दांत उतरवता येत नाही. जमीन तिथंच असते हे खरं. पण ती स्वतः उठून नांगरून घेत नाही, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदार लागतो. कोर्टंही मानतात की माणूस गेला तरी जमीन वारसांकडे राहते, म्हणून नुकसान मोजायचं ते देखरेखीचं आणि राबण्याचं. शेवटी कागद कुठलाच पुरा पडत नाही आणि साहेब मजुराच्या किमान वेतनाच्या आसपासचा एक आकडा धरतात. गावात 'मालक' म्हणवणाऱ्या माणसाला स्वतःची मजुरी ठरताना बसून ऐकावी लागते.

उत्पन्नानंतर वय. आमच्या पिढीचा निम्मा मराठवाडा १ जूनला जन्मलेला आहे. हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना पोराकडे वरून खाली पाहिलं, वर्ष ठरवलं आणि तारीख १ जून टाकली. त्यामुळं एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्यांचे सत्कार एकाच मांडवात उरकतात हा फायदा आहे. पण क्लेममध्ये वयाला फार भाव. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात एक तक्ताच घालून दिला: वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे कितीने गुणायचं. पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीसला १५, सत्तावन्न-अठ्ठावन्नला ९, सदुसष्टला ५.

आता एक हिशोब करा. अठ्ठावन्न वर्षांच्या एका काकांनी श्रावणबाळसाठी आधार कार्डावर वय सदुसष्ट करून घेतलं. पगार (आमच्याकडे या पेन्शनीला पगारच म्हणतात) महिना १,५०० चालू झाला. वाढवलेल्या नऊ वर्षांची पेन्शन आजच्याच दराने धरली तरी १ लाख ६२ हजार होते. काका गाडीखाली गेले आणि महिन्याची कमाई १० हजार धरली, तर वजावटी सोडून ९ ने गुणून १० लाख ८० हजार, ५ ने गुणून ६ लाख. कागदावर म्हातारं होण्याचा हा धंदा तीन लाखांच्या वर तोट्यात जातो. बरं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो धरा. म्हणजे काका वाचले असं वाटेल. पण काका शाळेतच गेले नव्हते.

त्या तक्त्यासोबतचे नियम मला फार आवडतात, कारण त्यांत न्यायमूर्तींना संसार कळतो हे दिसतं. माणूस स्वतःवर किती खर्च करतो ते वजा करायचं असतं. लग्न न झालेला असेल तर निम्मं वजा. दोन-तीन जण अवलंबून असतील तर तिसरा हिस्सा, चार ते सहा असतील तर चौथा, त्याहून जास्त असतील तर पाचवा. लेकरं वाढतील तसा बाप स्वतःवरचा खर्च कमी करतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आकड्यात मांडून ठेवलंय. आमच्याकडे सात लेकरांच्या बापाकडे बघितलं तर पाचवा हिस्सासुद्धा जास्तच वाटतो. शर्ट दिवाळीचा, तोही तिसऱ्या दिवाळीचा.

२०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात तर न्यायमूर्ती याहून पुढं गेले. स्वतःच्या बळावर कमावणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर त्याचं उत्पन्न पुढं वाढलं असतं म्हणून ४० टक्के जास्त धरा असं ठरलं. पन्नाशीपर्यंत २५, साठीपर्यंत १०. शेतकऱ्याचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट होणार होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आणि सोयाबीनचा भावही पाहिला. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढणारच, असं गृहीत धरून त्याचे पैसे देण्याचा हुकूम निघतो अशी जागा मला तरी एवढीच माहीत आहे. अट एकच, त्यासाठी त्याला ट्रकखाली जावं लागतं.

जखमींचा हिशोब अजून वेगळा. हात किती टक्के गेला हे डॉक्टर लिहितात, पण कमाई किती टक्के गेली हे कोर्ट ठरवतं, आणि दोन्ही एक नव्हे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात उदाहरण दिलंय: डावा हात गेला तर अपंगत्व साठेक टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. आणि तोच माणूस सरकारी कारकून असेल, तर नोकरी जाण्याचं कारणच नाही. सरकारी काम एका हाताने होऊ शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. आमच्या तालुक्यातल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं. दुसरा हात टेबलाखाली असतो.

मात्र सगळ्यांत वाचण्यासारखी असतात ती बाईच्या क्लेममधली प्रतिज्ञापत्रं. रेशनवाला असो, आशाताई असो की जनगणनेचे गुरुजी, दारात येऊन विचारतात, "मंडळी काय करतात?" मालक ओट्यावरून उत्तर देतो, "काई नाई, घरीच असती." तीच बाई तिबल सीट जाताना स्पीडब्रेकरवर मागच्या मागं पडते, कंबर मोडून तीन महिने खाटेवर येते, आणि मालकाचं शपथपत्र तयार होतं. अर्जदारीण पहाटे चारला उठत होती. दोन म्हशींचं शेणघाण, धार, चारा करत होती. सहा माणसांचा स्वयंपाक, धुणं, सासऱ्याचं औषधपाणी. वेचणीच्या दिवसांत कापूस वेचत होती, उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. तीन पानं भरतात. वकिलाने हे सुचवलेलं असतं, पण तपशील मालकानेच सांगितलेला असतो, आणि सांगता सांगता तो मधेच गप्प झाला होता असं मला त्या वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. बहुतेक तो स्वतःच पहिल्यांदा ऐकत असावा.

कोर्टांनाही हे उशिराच सुचलं. जमशेदपूरच्या १९८९च्या आगीच्या प्रकरणात, २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार धरलं. २०२१ च्या कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचा दाखला देऊन लिहिलं की बायका घरातल्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. २९९ वर माझा विश्वास आहे, उलट ते कमीच वाटतात. पण ती ९७ मिनिटं घरकाम करणारे पुरुष पाहणीवाल्यांना कुठं भेटले, ते कळायला हवं. भोकर, उमरी, हिमायतनगर या बाजूला ते आले नसावेत.

तिबल सीटवरून आठवलं. मागं दोघं बसले होते म्हणून भरपाई आपोआप कापता येणार नाही, त्या जादा माणसामुळेच अपघात घडला किंवा वाढला हे दाखवावं लागेल, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. हे कळल्यावर आमच्या एका मित्राने चौथा माणूस बसवायचं धोरण स्वीकारलंय. कायद्याची त्याची समज इथंच संपते. हेल्मेटचंही तसंच. हेल्मेट घेतलेलं असतं, ते हँडलला लटकतं आणि नांदेडच्या हद्दीत पोलीस दिसले की डोक्यावर चढतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना हेल्मेटची सूट आहे. सचखंड हुजूर साहिबच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून डोक्याला दस्ती बांधलेला एखादा मामा हवालदाराशी वाद घालतो, "आमचं बी डोस्कं बांधलेलंच हाय की!"

स्पीडब्रेकरचंही एक मानक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलंय, उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी हळूच चढावी आणि उतरावी. आमच्याकडचा स्पीडब्रेकर मात्र आंदोलनातून जन्मतो. गावापुढं कुणी गेलं की रास्ता रोको होतो, तहसीलदार येतात, आणि रातोरात डांबराचा असा बांध पडतो की पाठीमागं बसलेली माणसं उडावीत. त्यामुळं पुढचा अपघात त्या स्पीडब्रेकरवरच होतो. खड्ड्यांचं वेगळं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्या असा आदेश दिला. आदेश उत्तमच आहे. पण वर्षानुवर्षं न बुजलेला खड्डा अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुळगुळीत झालेला मी पाहिलाय. तेव्हा पडल्या पडल्या आधी फोटो काढायचा आणि मग विव्हळायचं, असा क्रम पोरांना शिकवून ठेवावा.

मालवाहू टेम्पो उलटला तर मजा औरच. अशा गाडीत फुकट बसलेल्या माणसाला विमा लागू होत नाही, मात्र मालाचा मालक मालासोबत बसला असेल तर होतो. १९९४ सालच्या दुरुस्तीतली ही सवलत. तेव्हापासून आठवडी बाजारातून परतणारा टेम्पो आडवा झाला की त्यातला प्रत्येक जण मालाचा मालक निघतो. कुणाची शेळी, कुणाचं खताचं पोतं, कुणाच्या दोन कोंबड्या. एका प्रकरणात म्हणे सोळा मालक आणि शेळी एकच होती, वकिलांनी ती सामाईक मालकीची दाखवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड असलं तर मात्र पंचाईत होते. विमा शेतीकामाचा आणि आत नवरदेव. शेतीमालात नवरदेव कुठं बसवायचा, हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

हे सगळं ऐकून-पाहून आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी ठरवलं की आपण आता खरंच उत्पन्न कागदावर आणायचं. उद्या काही झालं तर लेकरांची फजिती नको. पहिलं पाऊल म्हणून ते सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढायला गेले. मीही सोबत होतो, मला नातवाचा रहिवासी दाखला हवा होता. संगणकावरच्या पोराने मान वर न करता फॉर्म उघडला. नाव, गाव, आधार भरून झालं. उत्पन्नाच्या रकान्यापाशी त्याची बोटं थांबली.

"काका, दाखला कशासाठी पायजे?"

"कशासाठी म्हंजे? माझं उत्पन्न किती ते लिही की."

"ते लिहितो हो. पन कशासाठी ते सांगा आदी, मंग आकडा टाकतो."